सावली पायाखाली दडते तेव्हा

एप्रिल संपत आला, की आमच्या घरी दोन गोष्टी येतात. रत्नागिरीहून आंब्याची पेटी आणि बंगळूरहून नात. पेटी आठ दिवसांत आटपते, नात जूनच्या तोंडावर परत जाते. यंदा तिला सातवं लागलं होतं, म्हणून मी घरात जाहीर केलं, की या सुट्टीत पोरीला आमचं पुणं दाखवायचं. ही गवार मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं पुणं म्हणजे जे आता उरलेलं नाही तेच ना? मग दाखवणार काय?"

बोलणं खोचक होतं, पण खोटं नव्हतं. गेली काही वर्षं माझी निम्मी वाक्यं 'आमच्या वेळी'ने सुरू होतात. आमच्या वेळी लक्ष्मी रोडवरून सायकल दामटता यायची. आमच्या वेळी सदाशिव पेठेत रात्री अंथरुणावर पडलं, की पेशवे पार्कातल्या सिंहाची डरकाळी ऐकू यायची. आमच्या वेळी वाड्याच्या चौकात उभं राहिलं, की डोक्यावर चौकोनी आभाळ असायचं. आता त्या चौकाच्या जागी पार्किंग आहे आणि वर चार मजले आहेत. तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. जागा तीच, घर क्रमांकही तोच. आभाळ तेवढं गच्चीवर गेलं.

तरीही मी यादी केली. पहिला मान अर्थातच फुलराणीचा.

पेशवे पार्कातली ही छोटी आगगाडी ८ एप्रिल १९५६ रोजी सुरू झाली, म्हणजे ती माझ्याहून वर्षाने मोठी. मी तिच्यात पहिल्यांदा बसलो तो वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या सायकलच्या दांडीवरून उतरून. दांडी टोचू नये म्हणून अण्णा तिला पंचा गुंडाळत. तेव्हा पेशवे पार्क म्हणजे प्राणिसंग्रहालय. महापालिकेने ते १९५३ साली सुरू केलं होतं. हत्ती, वाघ, सिंह, माकडं, आणि या सगळ्यांना पुरवून आपल्यालाही पुरवायची शेंगदाण्यांची पुडी. पुढे १९९९ मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झालं, प्राणी तिकडे गेले आणि २००५ पर्यंत इथले पिंजरे रिकामे झाले. हे सगळं मी गाडीत बसल्या बसल्या नातीला सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. ती वाकून रुळांकडे बघत होती. गाडी थांबली, आम्ही उतरलो, आणि तिने चढलो ती जागा ओळखली.

"आबा, रूळ गोल आहेत?"

"हो."

"म्हणजे आपण कुठेच गेलो नाही?"

मला हसू आलं आणि मग ते थोडं अडकलं. मी तिच्याएवढा होतो तेव्हा फुलराणीतून उतरताना आपण मुंबईला जाऊन आलो, अशी माझी खात्री असे. रूळ गोल आहेत हे पुढे कधी कळलं, ते आठवत नाही. कळलं तेव्हा नवल वाटलं असणार, किंवा वाईट. दोन्हींतलं काहीच शिल्लक नाही. शिल्लक आहे ती शिट्टी, आणि 'आमच्या वेळी'.

तिथून शेजारीच सारसबाग. मी म्हटलं, "चल, तळ्यातल्या गणपतीला जाऊ." ती पायऱ्या चढली, नमस्कार केला, चारी बाजूंना पाहिलं आणि मंदिराभोवतीच्या कमळांच्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "एवढंसंच तळं?" मग तिला सांगावं लागलं, की पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांच्या काळात मोठं तळं होतं, मधोमध बेट होतं आणि गणपती त्या बेटावर होता. आपण चालत आलो ती हिरवळ म्हणजे तळ्याचा तळ. यावर ती परत जाताना हिरवळीवरून हात मारत, पोहत गेली. मी साठ वर्षांत त्या हिरवळीवरून नुसता चालत आलोय.

त्या दिवसापासून माझी यादी आणि तिची यादी वेगळ्या झाल्या. मी दाखवायचो ते तिला दिसायचं नाही असं नव्हे, पण तिचं बोट त्याच्या जरा बाजूला पडायचं. अण्णांना मी 'अहो अण्णा' म्हणत असे. माझी मुलगी मला 'बाबा, तुम्ही' म्हणते. नात थेट 'आबा, तू' म्हणते. तीन पिढ्यांत अंतर असं आखडत आलं आणि तेवढ्याच प्रमाणात प्रश्न वाढत गेले.

एका सकाळी केळकर संग्रहालयाकडे निघालो. रिक्षा केली नाही, चालत गेलो. वाटेत मी सवयीने खुणा सांगत होतो. इकडे भिकारदास मारुती, तिकडे उपाशी विठोबा, पलीकडे खुन्या मुरलीधर, मंडईकडे गेलं की जिलब्या मारुती, नारायण पेठेत पत्र्या मारुती. ती एकदम थांबली.

"त्याला उपाशी का ठेवलंय?"

"कुणाला?"

"विठोबाला. आणि शेजारच्या मारुतीकडे जिलब्या आहेत तर त्याला एक देत का नाहीत?"

पुण्यात जन्मलेल्या माणसाला ही नावं म्हणजे स्टॉपची नावं. 'पत्र्या मारुतीला उतरतो', 'भिकारदासपाशी भेटू' असं म्हणताना आपण काय म्हणतोय हे कानावर येतच नाही. एका परक्या शहरात वाढणाऱ्या मुलीने ती नावं नव्याने उच्चारली तेव्हा मला कळलं, की आपल्या गावाइतकी वेल्हाळ, आगाऊ आणि देवाशी लगट करणारी माणसं दुसरीकडे सापडायची नाहीत. मग मला माहीत होतं ते सांगितलं. नाना पेठेतली मूर्ती निवडुंगाच्या बनात सापडली म्हणून तो निवडुंग्या विठोबा. बुधवार पेठेतल्या विठोबाजवळ पासोड्यांचा बाजार भरे म्हणून तो पासोड्या विठोबा. पासोडी म्हणजे काय, तर जाडंभरडं पांघरूण. उपाशी विठोबाच्या मागे उपास करणाऱ्या भक्ताची गोष्ट आहे, देवाला नैवेद्य रोज असतो. हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. तरी परतताना तिने आजीने दिलेला राजगिऱ्याचा लाडू त्याच्यापुढे ठेवलाच.

बाजीराव रोडच्या आतल्या बाजूला, नातूबागेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. मी इथे शाळेत असताना आलो होतो, त्यानंतर पाहुण्यांना घेऊन. पाहुण्यांना मस्तानी महाल दाखवायचा, घड्याळाकडे बघायचं आणि बाहेर पडायचं, हा रिवाज. नात मात्र पहिल्याच कपाटापाशी खिळली. त्यात अडकित्ते होते. घोड्याचे, पोपटाचे, स्त्री-पुरुषाच्या जोडीचे. पुढे दौती, कुलपं, करंडे, दिवे, पानपुडे. मग वज्री, म्हणजे न्हाताना टाचा घासायची वस्तू. तिच्या मुठीवर पक्षी, हत्ती, काय काय.

"पाय घासायच्या वस्तूवर पक्षी कशाला?"

खरंच, कशाला? कुणी बघणार नव्हतं. न्हाणीघरातल्या अंधारात ओल्या हातात धरायची वस्तू ती. पण घडवणाऱ्याला वाटलं, असू दे. आमच्या वाड्यात आजीची अशी एक वज्री होती, मोर असलेली. वाडा पाडला तेव्हा मोडीत गेली. मी ती रोज पाहिली आहे आणि मोराचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते मला सांगता येणार नाही.

दिनकर गंगाधर केळकरांना ते सांगता आलं असतं. घराण्याचा व्यवसाय चष्म्यांचा, आणि स्वतः 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारा हा माणूस १९२०च्या आसपास अशा वस्तू जमवायला लागला. लोक तलवारी आणि सिंहासनं शोधतात. हे अडकित्ते, दिवे आणि दरवाजे शोधत हिंडले. जमता जमता सुमारे २० हजार वस्तू झाल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. संग्रहालयाच्या नावातला राजा म्हणजे कुणी संस्थानिक असावा, असं मला लहानपणी वाटे. राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो अकाली गेला. रोजच्या वापरातल्या वस्तूंचं एवढं मोठं घर एका मुलाच्या नावाने उभं आहे, हे मी नातीला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला वज्री आवडली असती."

रात्री तिने आईला फोन लावला. व्हिडिओवर अर्धा तास वज्री, जिलब्या मारुती आणि पोहत ओलांडलेली सारसबाग चालू होतं. आई ऐकत होती. शेवटी तिने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला आणि हसतच म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढी उत्तरं देता? मला तर 'नंतर' म्हणायचात."

मी म्हटलं, "कधी?"

"कायम. चंद्राचं आठवतंय?"

आठवत होतं. म्हणजे तिने म्हटल्यावर आठवलं. १९९४च्या सुमाराची गोष्ट. पर्वतीवरून परतत होतो. ती स्कूटरवर पुढे उभी, हिच्या मांडीवर पिशवी, मला दुसऱ्या दिवशीच्या ऑडिटची चिंता. घरांच्या फटींतून चंद्र दिसत होता, लपत होता. तिने विचारलं होतं, "बाबा, चंद्र आपल्याबरोबर का येतोय?" मी म्हणालो होतो, "नंतर सांगतो. नीट धर."

तिने नीट धरलं. मी नंतर सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर हिने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दिवा मालवला.

त्यानंतर मी जरा सावध झालो. मेट्रोत जायचा बेत नातीचा होता. जमिनीखालच्या प्रवासाबद्दल माझं मत अनुकूल नव्हतं. ज्या मंडईत आम्ही पिशव्या धरून अण्णांच्या मागे हिंडलो, ती १८८६ साली बांधलेली आठ कोनांची दगडी इमारत डोळे भरून बघायची सोडून तिच्याखाली काय शिरायचं, असं मला वाटे. पण मंडई स्थानकाच्या सरकत्या जिन्यावरून उतरताना नातीने माझा हात गच्च धरला, आणि बऱ्याच दिवसांनी मलाही पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ला सुरू झाला. कसबा पेठ गेलं, गाडी पुढे निघाली, तेव्हा मी तिला म्हटलं, "आता आपल्या डोक्यावरून मुठा नदी वाहतेय." ती वर बघत राहिली. डब्यातल्या दोघातिघांनीही वर बघितलं. सिव्हिल कोर्टला उतरलो. हे स्थानक ३३ मीटर खोल आहे आणि वरून येणारं ऊन थेट तळाशी पोचावं अशी त्याची रचना आहे. खाली फरशीवर उन्हाचा तुकडा पडला होता. ती त्यात जाऊन उभी राहिली.

"जमिनीखाली अजून काय काय आहे?"

या वेळी 'नंतर' म्हणालो नाही. तिथल्याच बाकावर बसून कात्रजच्या नळाची गोष्ट सांगितली. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून त्याचं पाणी जमिनीखालच्या दगडी बांधकामातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही. उतार साधत पाणी आपसूक चालत यायचं. हवा खेळती राहावी म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवलेले. पेठापेठांतून हौद होते, बाया त्यावर पाणी भरायच्या. नात विचार करून म्हणाली, "म्हणजे आधी पाणी गेलं, मग आपण." दोनशे पंचाहत्तर वर्षांचा पुण्याचा इतिहास याहून थोडक्यात कुणी सांगितला असेल असं वाटत नाही.

मे महिना मध्यावर आला आणि पेपरात एक लहानशी चौकट दिसली. शून्य सावली दिवस. पुणे, १३ मे, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटं.

ही चौकट दरवर्षी येते आणि दरवर्षी मी ती ओलांडून शब्दकोड्याकडे जातो. या वेळी नातीने अक्षरं जुळवत वाचली, त्यामुळे ओलांडता आली नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावाच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका येतो आणि त्या क्षणी उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. मेच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडी आणि कोल्हापूर, मग १३-१४ला पुणे, १५-१६ला मुंबई, २६च्या सुमाराला नागपूर. सावली जाण्याची ही वारी अशी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. जुलैच्या अखेरीला सूर्य परतताना पुण्यात दुसरी फेरी होते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. दिल्लीला हे भाग्य कधीच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे. पुण्यात आहे आणि दिल्लीत नाही, हे कळल्यावर मलाही त्या चौकटीत रस वाटू लागला.

चौकट वाचता वाचता मला वाड्यातल्या दुपारी आठवल्या. वैशाखात जेवणं आटपून मोठी माणसं लवंडली, की चौक आमचा. कधी कल्हईवाला आलेला असे. जमिनीत खळगा करून तो भट्टी पेटवायचा आणि भाता चालवायचा. पातेलं तापलं, की नवसागराची पूड टाकून कथलाची कांडी टेकवायची, कापसाचा बोळा फिरवायचा. पांढरा धूर नाकात झोंबायचा आणि काळवंडलेलं पातेलं आतून चांदीचं व्हायचं. मग पाण्यात बुडवलं, की चर्र. आम्ही पोरं रोज नवा चमत्कार बघायला बसल्यासारखी उकिडवी बसायचो.

कल्हईवाला नसेल त्या दिवशी आमचा सिनेमा. प्रभात टॉकीजच्या आसपास फिल्मचे तुकडे मिळत. फ्यूज गेलेल्या बल्बच्या आतलं काढून त्यात पाणी भरलं, की भिंग तयार. खोली काळोखी करायची, भिंतीवर अण्णांचं धोतर लावायचं, आणि चौकात एकाने आरसा घेऊन उभं राहायचं. आरशातलं ऊन खिडकीच्या फटीतून आत, फिल्ममधून बल्बवर, बल्बमधून धोतरावर. नटी उलटी उमटे, मग फिल्म उलटी धरायची. आरसा धरायचं काम बहुतेक माझ्याकडे असे, कारण मी सगळ्यांत लहान. ते कंटाळवाणं काम होतं. सूर्य सारखा सरकायचा, आरसा सारखा हलवावा लागायचा.

मी असा उन्हात उभा दिसलो, की आजी ओसरीवरून ओरडायची, "भर दुपारचा चौकात उभा राहू नकोस! या दिवसांत सावली पायाखाली दडते, ती वेळ चांगली नव्हे. बिनसावलीचं कोण हिंडतं माहितीय ना? भूत!"

आम्ही घाबरायचो आणि हसायचो. आजीला घड्याळ कळत नसे. ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं की ती भात टाके, तुळशीवृंदावनावरून उतरलं की चहा ठेवी. तिच्या त्या वाक्यात भुताचा भाग ऐकून मी मोठा झालो. सावलीचा भाग आता, साठ वर्षांनी, पेपरातल्या चौकटीवर बोट ठेवून बसलो असताना ऐकू आला. ती 'या दिवसांत' म्हणत असे. श्रावणात किंवा मार्गशीर्षात ती असं ओरडल्याचं आठवत नाही. तिने बघितलं होतं. मी मेच्या मध्यावर, भर दुपारी, त्याच चौकात, हातात आरसा घेऊन उभा होतो आणि पायाशी मात्र कधी पाहिलं नाही.

१३ तारखेला आम्ही अकरा वाजताच गच्चीवर. नातीने खलबत्त्यातला बत्ता उभा ठेवला, शेजारी स्टीलचा उंच पेला, तिची पाण्याची बाटली आणि कुंकवाचा करंडा. साडेअकराला बत्त्याची सावली तीन बोटं होती. तिने खडूने खूण केली. पाच-पाच मिनिटांनी नवी खूण. सावली आखडत होती. सव्वाबाराला ती बोटाच्या पेराएवढी उरली, आणि बारा वीसला पश्चिमेकडून एक ढग आला, अगदी ठरवून आल्यासारखा. तो गेला तेव्हा पावणेएक वाजला होता आणि सावली बत्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून पूर्वेकडे पडू लागली होती. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "उद्या. फरक केसभराचा असतो." एरवी मी 'उद्या' म्हणतो त्याचा अर्थ हिला चांगला माहीत आहे. पण या वेळी मी मोबाइलवर गजर लावला.

१४ला आभाळ स्वच्छ होतं. बारा एकोणतीस. बत्त्याभोवती सावलीची नखभर कोर. नातीची आजीही पदर डोक्यावर घेऊन वर आली होती. बारा तीस. पेल्यात डोकावलं, तर तळ लख्ख उजळलेला, भिंतीची कुठेही सावली नाही. बारा एकतीस. बत्ता नुसता उभा होता. करंडा नुसता उभा होता. चित्रात चिकटवल्यासारख्या त्या वस्तू जमिनीपासून सुटून आल्यासारख्या वाटत होत्या. नात ताठ, हात अंगाला चिकटवून उभी राहिली आणि हळूच खाली बघितलं.

"आबा! माझी गेली!"

मी खाली बघितलं. माझीही, दोन पावलांपुरती उरली होती. आजीची साडीच्या घेराएवढी.

"आबा, आपण भूत झालो!"

आणि आम्ही तिघं, सदाशिव पेठेतल्या एका गच्चीवर, भर दुपारी, भुतासारखे हसत सुटलो. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खिडकी उघडून काय झालं विचारलं. हिने ओरडून सांगितलं, "खाली बघा! सावली नाहीये!" त्यांनी बघितलं नाही, खिडकी लावून घेतली. तेवढ्यात बत्त्याच्या पलीकडून पूर्वेला एक काळी रेघ डोकावली.

त्या दिवसानंतर मी 'आमच्या वेळी'चा हिशेब पुन्हा मांडायला घेतला. खरं गेलं ते काय? कल्हईवाला गेला, आणि तो जायचाच होता. स्टीलला कल्हई लागत नाही. चौक गेला. सात वर्षांच्या मुलाला एकट्याला मंडईत पाठवावं असा रस्ता गेला, आणि ते नुकसान खरोखरीचं आहे. त्याची भरपाई मेट्रोने होत नाही, शून्य सावलीनेही नाही. पण नवल गेलं, असं जे मी चारचौघांत सांगत आलो, ते बरोबर नव्हतं. सावली १९६४ साली जात होती, १९९४ साली जात होती आणि आजही त्याच मिनिटाला जाते. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून पुण्यात लोकांना आकाश दाखवते आहे. माझ्या जन्माआधीपासून बोलावणं होतं. पहिल्या वेळी मी आरसा धरण्यात गुंतलो होतो, दुसऱ्या वेळी ऑडिटमध्ये. आता निवृत्त झालो, गुडघे दुखतात म्हणून सावकाश चालतो, आणि सावकाश चालतो म्हणून पोरीला मध्येच थांबता येतं. मला शहाणपण आलं असं नाही. मला वेळ आला. माझ्या मुलीला आत्ता तो नाही, जसा मला तेव्हा नव्हता. अण्णांना तरी कुठे होता? पण ते सायकलवर होते, आणि सायकलवरून पोराचा प्रश्न ऐकू येतो.

प्रश्न पडलेल्या मुलांसाठी पुण्यात एक पत्ता होता. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ साली जयंत नारळीकरांनी उभी केली. मुलं सहीसाठी वही पुढे करत, तर नारळीकर त्यांना सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहीन आणि खाली सही करीन. कितीतरी मुलांकडे ती कार्डं असतील. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. माझ्या मुलीने तो चंद्राचा प्रश्न त्यांना पाठवला असता तर उत्तर मिळालं असतं. तिने तो मला विचारला.

नात जायच्या आदल्या दिवशी आम्ही पोस्टात गेलो. एक पोस्टकार्ड मागितलं. खिडकीमागच्या गृहस्थांनी सांगितलं, "पन्नास पैसे." पन्नास पैशांचं नाणं माझ्याकडे नव्हतं, त्यांच्याकडेही नव्हतं. "मग दोन घ्या," ते म्हणाले. मी दोन घेतली.

एकावर नातीने आईला लिहिलं, 'मी, आबा आणि आजी एक मिनिट भूत झालो होतो.' खाली बत्त्याचं चित्र काढलं, बिनसावलीचं.

दुसरं मी लिहिलं. तेही तिच्या आईलाच.

'चंद्र आपल्याबरोबर येत नाही. तो सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे. झाडं आणि दिव्याचे खांब जवळ असतात म्हणून मागे पडतात. चंद्र इतका दूर, की आपण पर्वतीपासून घरापर्यंत आलो तरी त्याच्या हिशेबी जागचे हललो नाही. म्हणून तो बरोबर आल्यासारखा वाटतो. उत्तराला तीस वर्षं उशीर झाला. १८ ऑगस्टला दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी बंगळूरची सावली जाते. अर्ध्या दिवसाची रजा टाक आणि पोरीला घेऊन गच्चीवर जा. ढग आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.'

कार्ड भरलं. खाली उजव्या कोपऱ्यात तेवढी जागा उरली होती. तिथे 'बाबा' अशी सही केली आणि नातीला उचलून दोन्ही कार्डं लाल पेटीत टाकायला लावली.